न वाजलेला फोन

पेच शहर, नोव्हेंबर. प्रयोगशाळेच्या तळघरात
एकच मिणमिणता लाल दिवा.
बेडकाला लाल फारसं दिसत नाही,
असं झिग्मोंद सर म्हणतात,
आणि बेडकाला विचारायची सोय नाही.

आधी बर्फात गारठवायचा, मग मानेवर एकच घाव.
तो मी पटकन घालते. माझा हात थरथरला
तर भोगायचं त्याला.
डोळा वाटाण्याएवढा.
भिंग बाजूला सारलं की तळाशी पडदा;
सायीसारखा अलगद उचलायचा.
फाटला की रात्र वाया.

पहिल्या वर्षी मला वाटायचं,
उजेड पडला की डोळा बोलू लागतो.
उलटंच आहे सगळं.
बडबड चालते ती अंधारात.
शलाकापेशींतून ग्लुटामेट पाझरत राहतं
गळक्या नळासारखं, कोणी ऐको न ऐको:
काही नाही, काही नाही, अजून काही नाही.
आणि उजेडाचा कण येऊन थडकला
की नळ आवळला जातो.
ती शांतता हीच बातमी.

बोरोकाला हे मी पत्रात लिहिलं होतं.
माझी धाकटी बहीण, सरहद्दीपलीकडे कोलोझवारला,
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कायमची रात्रपाळी.
तिचं उलट टपाली उत्तर, एकच ओळ:
"तुझा बेडूक शहाणा आहे."
पत्रं फोडून वाचणाऱ्याला त्यात काय सापडणार?

तेव्हापासून दर गुरुवारी, रात्री दोनला,
आमच्या जिन्याखालचा फोन तीनदा वाजायचा
आणि थांबायचा.
मी उचलायचा नाही.
इथेच आहे. इथेच आहे. अजून इथेच.

झिग्मोंद सरांना वाटायचं, लाईन खराब आहे.
दोनदा तक्रार नोंदवून आले.

काल गुरुवार.
दोन वाजले. सव्वादोन.
सूक्ष्मदर्शकाच्या आरशातून कागदावर पेशींची सावली पडते,
तिच्यावरून मी पेन फिरवत होते.
डोपामिनवाल्या पेशी, तपकिरी रंगलेल्या,
अख्ख्या पडद्यात मोजक्याच,
एखाद्या खेड्यात पोस्टमन असावेत तितक्या;
पण एकेकीच्या फांद्या कुठल्या कुठे गेलेल्या.
त्यातल्याच एका फांदीवर पेन थांबलं.
शाईचा हा एवढा डाग.
अडीच.

फोन वाजला नाही.

आता शांततेचं असं असतं:
शलाकेखाली दोन शेजारणी बसलेल्या असतात,
द्विध्रुवी पेशी, एकाच भिंतीला कान लावून.
नळ थांबला की एक दचकून उठते, उजाडलं!
दुसरी जागच्या जागी मान टाकते.
थेंब दोघींना एकच.
फरक आहे तो झेलणाऱ्या ओंजळीत.

माझ्यातही दोघी आहेत.
एक म्हणते, ती निघाली. या क्षणी
कापलेल्या मक्याच्या शेतातून चालते आहे,
बूट हातात घेऊन, कारण धाटं वाजतात.
दुसरी म्हणते, एक्स्चेंजमधल्या तिच्या खुर्चीवर
आज वेगळंच कोणीतरी बसलं आहे.

पहाटे काचसामान धुणाऱ्या मार्गित बाई आल्या.
माझे डोळे बघून कॉफी ओतली,
म्हणाल्या, घरी जा पोरी, काही झालेलं नाही.
पडद्यात अशाच आडव्या पेशी असतात,
गाबा शिंपून आजूबाजूला सगळं दबकं करणाऱ्या.
त्यांच्यामुळे दुखणं कमी होत नाही,
कड तेवढी ठळक दिसते.

मी वहीत तारीख घातली.
पडदा क्रमांक सत्तेचाळीस, अंधारात दोन तास.
डाग पडलेला कागद फेकला नाही.

नऊ वाजता झिग्मोंद सर आले,
ओला कोट खुंटीला अडकवला,
आणि जिन्याकडे बघून खूश होत म्हणाले,
काल रात्री वाजला नाही ना?
चला, एकदाची लाईन सुधारली.